कॉइलवरचा बर्फ आणि आपला वाद

अहो,

तुम्ही गेल्यावर पहिले काही दिवस दुकानाचा फोन मी उचललाच नाही. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुमचं काम शिडीवर आणि माझं टेबलाशी, अशी आपली वाटणी. लोक फोन करून "फ्रिज बिघडलाय" एवढंच सांगायचे. मग मी एकेक विचारायचे. बर्फ धरलाय का, एका कोपऱ्यात की सगळीकडे, आतला पंखा ऐकू येतो का, खाली पाणी साचतंय का, दार नीट लागतं का. उत्तरं चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी तुमच्या हातात द्यायचे आणि तुम्ही ती न वाचता शर्टाच्या खिशात घालायचात. कपडे धुवायला टाकताना ती मला तशीच सापडायची, घडीसुद्धा न मोडलेली. मी कधी बोलले नाही. तुम्हाला वाटत असेल, हिला कळत नाही.

आज लिहायला बसलेय ते रडगाणं गायला नाही. एक गोष्ट ठरवलीय आणि ती आधी तुम्हाला सांगायचीय. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. तुम्हाला मागचं उकरलेलं आवडत नाही हे ठाऊक आहे, तरी आता तुम्ही उठून जाऊ शकत नाही, तेव्हा ऐका.

लग्नाला महिना झाला नव्हता. मी बँकेत कारकुनी करत होते, मशीनमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एका रविवारी मी सहज विचारलं, फ्रिज गार कसा होतो हो? तुम्ही उठलात, कपाटातलं स्पिरिट आणलंत, कापसाचा बोळा भिजवून माझ्या मनगटावर फिरवलात. विचारलंत, गार लागलं ना? मग म्हणालात, स्पिरिटमध्ये गारवा नव्हता, ते बाटलीत घरातल्या पाण्याइतकंच कोमट होतं. ते उडून जाताना तुझ्या हातातली उष्णता घेऊन गेलं. फ्रिजही तेवढंच करतो. गारवा असा कुणी बनवत नसतं, आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकायची असते.

मग तुम्ही पुढचं सांगितलंत. फ्रिजमधला गॅस द्रव होऊन येतो, बारीकशा नळीतून पुढे सरकतो आणि एकदम मोकळ्या जागेत शिरतो. तिथे दाब उतरतो, आणि दाब उतरला की तो उकळायला लागतो. मी म्हटलं, उकळतो? फ्रिजमध्ये? तुम्ही म्हणालात, पाण्याला उकळायला शंभर डिग्री लागतात, ह्याला शून्याखालीही उकळता येतं. पण उकळायला उष्णता तर लागतेच, ती तो आतल्या दुधातून, वरणातून, हवेतून घेतो. घेता घेता त्याची वाफ होते, ती वाफ कॉम्प्रेसर ओढतो आणि घेतलेली उष्णता फ्रिजच्या पाठीमागे सोडून देतो. जिथे तो उकळतो, त्या वेटोळ्याला इव्हॅपरेटर म्हणायचं. बाकी सगळं मशीन म्हणजे त्याची सरबराई. पुढे दुकानात आल्यावर कळलं, की इव्हॅपरेटर हा शब्द पुस्तकातच राहतो, सगळे त्याला कूलिंग कॉइल म्हणतात. पण मला तो शब्द तुमच्या तोंडून ऐकलेला आवडायचा. नव्या बायकोवर छाप पाडायला तुम्ही तो मुद्दाम नीट उच्चारला होतात.

निखिल झाल्यावर मी नोकरी सोडली आणि वारज्यातल्या दुकानात फोनपाशी बसले. तुमच्याकडून ऐकून ऐकून आणि लोकांना विचारून विचारून मला बरंच उमगायला लागलं. कॉइलच्या सुरुवातीलाच थोडा बर्फ आणि पुढे सगळं कोरडं, तर गॅस कमी, कारण जो आहे तो पहिल्या दोन वळणांतच उकळून संपतो. सगळी कॉइल सारखी पांढरी, तर गॅस बहुतेक ठीक आहे आणि घोटाळा हवेचा किंवा ओलाव्याचा आहे. हे मी तुम्हाला म्हणून दाखवायचे. तुम्ही म्हणायचात, "बरं." पुण्यात "बरं" ह्या शब्दाचे जेवढे अर्थ होतात त्यातला सगळ्यात कोरडा तुमचा.

आपला खरा वाद तिथेच होता. तुमचं म्हणणं, कॉइलला हात लावल्याशिवाय बोलू नये. तुम्ही हाताची पालथी बाजू नळीवर टेकवून सुरुवातीपासून शेवटच्या वळणापर्यंत न्यायचात आणि डोळे मिटायचात. शेवटचं वळण आधीच्यांपेक्षा जरासं कमी गार लागलं पाहिजे, म्हणजे तिथवर सगळा द्रव उकळून संपलाय, कॉम्प्रेसरकडे फक्त वाफ जातेय. द्रव गेला तर कॉम्प्रेसर मेला. आणि माझं म्हणणं, नीट विचारलं तर अर्धं काम विचारण्यातच होतं. मशीन एकटं कधी बिघडत नाही, त्याच्याभोवती वावरणारी माणसं त्याला काहीतरी करत असतात.

तुम्ही जायच्या आदल्या संध्याकाळी हाच वाद झाला. कर्वेनगरच्या त्या निवृत्त मास्तरांना मी फोनवरच सांगितलं होतं, फ्रिज बंद करा, दार उघडं टाका, उद्या ह्याच वेळेला चालू करा. त्यांचा फ्रिज चालला. त्यांनी माझे आभार मानायला फोन केला, तो नेमका तुम्ही घेतलात. फोन ठेवून म्हणालात, "फोनवर डॉक्टरकी करू नकोस. आधी हात लाव, मग बोल."

मी म्हटलं, "हात लावायला तुम्ही मला नेता कुठे?"

तुम्ही म्हणालात, "उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तुम्ही खांदा दुखतोय म्हणालात. काल शिडी उचलली म्हणून असेल, असंही तुम्हीच म्हणालात. मी म्हटलं, बाम लावा, आणि वाजणारा फोन घेतला. कोथरूडच्या एक बाई होत्या. त्यांच्या फ्रिजबद्दल मी त्यांना सात प्रश्न विचारले. तुम्हाला एकही विचारला नाही. खांदा कुठला, कधीपासून, घाम येतोय का, काही विचारलं नाही आणि हातही लावून पाहिला नाही. फोन ठेवून आत आले तोवर तुम्ही आडवे झाला होतात, आणि पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, काही उपयोग झाला नसता. ते खरं असेल. पण मी विचारलं नाही हेही खरं आहे, आणि ते माझ्यापाशी राहणार. तुमची क्षमा मागून मला मोकळं व्हायचं नाही, नुसतं तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

तेरावं झालं आणि निखिल माझ्यासमोर बसला. त्याचं काही चुकत नव्हतं. हिंजवडीच्या ऑफिसात बसतो तसा सरळ, शांत बसून म्हणाला, "आई, प्रॅक्टिकली बघ. बाबा होते म्हणून दुकान होतं. टेक्निकल काम तुला येत नाही. दिलीपदादाला दुसरीकडे सहज जॉब मिळेल. पाडव्यापर्यंत आपण वाइंड अप करू." दिलीप शेजारीच उभा होता. यवतमाळहून येऊन बारा वर्षं तुमच्या हाताखाली काढलेला माणूस. मी निखिलला म्हटलं, पाडव्यापर्यंत दुकान चालू राहील, मग बघू. मनातून मला ठाऊक होतं की ह्या दिवसांत एक जरी मोठं काम फसलं तर तो म्हणतो तेच होणार, आणि मग माझ्याकडे बोलायला तोंड उरणार नाही.

आणि ते काम आलंच. पाडव्याला दोन दिवस होते. खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या अनुराधाताई, तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या डेअरीतून फोन. कोल्डरूम दोन डिग्रीवर लावलेली, काटा अकरावर गेलेला, आत पाडव्याच्या श्रीखंडाचा सगळा चक्का. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. सगळी कॉइल पांढरी, कडेपासून कडेपर्यंत. मग त्या म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, पण आता तुमच्याकडे आहे कोण?"

"मी आहे."

त्यांनी विचारलं, "आणि दिलीप?"

"दिलीपही आहे," मी म्हटलं आणि शटर ओढून त्याच्या मागे गाडीवर बसले. बावीस वर्षांत मी पहिल्यांदाच एखाद्या कामावर निघाले होते, साडी नेसून, हातात टेस्टरची पिशवी. वाटेत मी दिलीपला सांगून टाकलं, कॉइलचा बर्फ वितळवणारा हीटर जळला असणार, दुसरं काही नाही.

कोल्डरूममध्ये पाहिलं तर कॉइल म्हणजे बर्फाची भिंतच झाली होती. पंखे फिरत होते, पण हवा पलीकडे जायला फटच नव्हती. दिलीपने गेज लावलं. प्रेशर कमी. तो म्हणाला, "वहिनी, गॅस कमी झाला असन. थोडा मारतो अन् मोकळे होतो." तुमचा दिलीप हाताचा पक्का आहे, पण ताप असो की मुरगळलेला पाय, त्याच्याकडे औषध एकच. मी म्हटलं, थांब. बर्फाने कॉइल झाकली की हवा तिला शिवत नाही, हवा शिवली नाही की उष्णता मिळत नाही, उष्णता नाही तर गॅस उकळणार कसा? प्रेशर उतरणारच. अशात आणखी गॅस घातलास तर बर्फ वितळल्यावर तो जास्तीचा द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जाईल. अनुराधाताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

दिलीपने मान हलवली आणि बर्फ फोडायला पेचकस उचलला. तो मी त्याच्या हातातून काढून घेतला. आठवतंय ना, ह्याच डेअरीत पहिल्या वर्षी तुम्ही घाईत पेचकसने बर्फ खरवडायला गेलात आणि कॉइललाच भोक पाडलंत. बाहेर येऊन तुम्ही अनुराधाताईंना सांगितलंत, भोक माझ्या हातून पडलंय, जुनी गळती नाही. घरी येऊन तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत धड. ते गिऱ्हाईक गेलं असं तुम्हाला वाटलं होतं, आणि त्या मात्र तुम्हालाच बोलवत राहिल्या. आम्ही नळाचा पाइप लावून पाणी सोडलं. चक्क्याची पातेली बर्फाच्या लाद्यांत ठेवली. बर्फ उतरायला तीन तास लागले.

मग दिलीपने मीटर लावून हीटर तपासला. हीटर ठणठणीत होता. तो ठरलेल्या वेळी चालू करणारा टायमरही चालत होता. त्याने माझ्याकडे ज्या तऱ्हेने पाहिलं नाही, त्यावरून मला कळलं. वारज्याहून निघताना मी छातीठोक सांगितलेलं निदान साफ चुकलं होतं. अनुराधाताई घड्याळ बघत होत्या. मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू. एकदा, फक्त एकदा मला बरोबर नेलं असतंत तर काय बिघडणार होतं?

मी शिडी मागितली. दिलीप म्हणाला, वहिनी राहू द्या, मी पाह्यतो. मी पदर खोचला आणि चढले. मशीन चालू करायला सांगून हाताची पालथी बाजू पहिल्या वळणावर ठेवली, आणि बसल्या बसल्या बावीस वर्षं जे मी लिहून देत होते, ते पहिल्यांदा हाताला कळलं. पहिलं वळण गार, दुसरं गार, मधली सगळी सारखी गार, आणि अगदी शेवटचं किंचित कमी गार, तुम्ही म्हणायचात तसंच. दिलीप खालून म्हणाला, प्रेशर बराबर आलं. म्हणजे गॅस पुरेसा होता. मशीनमध्ये काहीच खोट नव्हती. मी तिथेच उभी होते आणि पंख्याची हवा तोंडावर येत होती. ती गार होती, पण ओली होती. नुसत्या आत्ताच्या पाण्याची नव्हे, धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत असते तशी ओली. हे फोनवर मला कुणी सांगितलं नसतं. मी विचारलंही नसतं.

खाली उतरले आणि डेअरीत चक्का बांधणाऱ्या सिंधूमावशींना विचारलं, इथे ह्या आठवड्यात नवीन काय केलंत? त्या म्हणाल्या, "नवीन कायबी न्हाई. उन्हानं चक्का आंबतोय म्हून आठ दिस झालं फडकी हितंच आत टांगतोय." मी वर पाहिलं. कॉइलसमोरच्या आडव्या दांडीला हुकांची रांग. एरवी बाहेरच्या ओट्यावर निथळणारी दह्याची गाठोडी पाडव्याच्या घाईत रोज आत टांगली जात होती. आज काटा चढलेला बघून सकाळीच उतरवून ठेवली होती, म्हणून आम्हाला दिसली नाहीत. त्या ओल्या फडक्यांमधलं पाणी आठ दिवस त्या गार कोरड्या हवेत उडत होतं आणि जाऊन कॉइलवर बसत होतं. हीटर बिचारा ठरलेल्या वेळी ठरलेला बर्फ वितळवत होता, एवढ्यासाठी तो बनलेलाच नव्हता. अनुराधाताईंना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. चक्का चक्क्याच्या खोलीत ठेवला, त्यात मशीनचा काय संबंध?

आता फडकी बाहेर टांगली तर चक्का आंबणार आणि आत टांगली तर कॉइल गोठणार. दिलीप म्हणाला, हे तर अवघड झालं. मी अनुराधाताईंना विचारलं, तुमच्या ऑफिसला एसी आहे ना? तिथे टांगा. एसीलाही कॉइल असतेच, पण ती शून्याच्या वर चालते. तिच्यावर बसलेली ओल गोठत नाही, नळीवाटे बाहेर टपकून जाते. तिथे निथळू दे, मग झाकण घालून इथे आणा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आणि मी बसू कुठे?" मग स्वतःच खुर्ची उचलून अंगणात नेली. संध्याकाळी साडेसहाला काटा चारवर आला तेव्हा त्या तिथेच बसून ऑर्डरी घेत होत्या. जाताना मला म्हणाल्या, पुढच्या वेळी साडी नेसून शिडीवर चढू नका, पडाल. पुढच्या वेळी, असं म्हणाल्या त्या.

घरी आले आणि निखिलला फोन केला. सांगितलं, दुकान बंद होणार नाही. दिलीप आणि मी मिळून चालवू, रोज कामावर मीही जाणार, जे येत नाही ते शिकणार. तो म्हणाला, "आई, वय बघ. जमेल तुला?" मी म्हटलं, न जमायला काय झालं, आणि नाही जमलं तर ते मीच तुला सांगेन, तू मला सांगू नकोस. मग त्याने विचारलं, आज कॉइलला झालं काय होतं? मी त्याला सगळं सांगितलं, स्पिरिटच्या बोळ्यापासून. तो शेवटपर्यंत ऐकत होता. तुमच्याकडून त्याने हे कधी ऐकलं नव्हतं, कारण तुम्ही त्याला कधी सांगितलं नव्हतंत. त्याचाही एक हिशेब तुमच्याकडे निघतो, पण तो त्याचा त्याने मांडावा.

तेव्हा ठरवलं ते असं. उद्या सकाळी मांजरी गावात एका फुलवाल्याच्या कोल्डरूमचं काम आहे. दिलीप शिडी घेईल, मी चिठ्ठी घेईन आणि वाचेनसुद्धा. सलवार-कमीज शिवायला टाकलेत दोन. रडू येतं, नाही असं नाही. कुकरची शिट्टी मोजताना येतं, काही कारण नसताना. येऊ दे. त्यासाठी दुकान थांबवण्याची गरज मला वाटत नाही.

आणि त्या "उद्या बोलू"चं काय, तर मी बोलतेय. हात लावल्याशिवाय बोलू नये, हे तुमचं बरोबर होतं. तुम्ही असताना मी ते एकदाही कबूल केलं नाही, आता लिहून देते. पण हात लावून मला एवढंच कळलं की मशीनचं काही चुकलेलं नाही. काय चुकलंय ते सिंधूमावशींना विचारल्यावरच कळलं. म्हणजे अर्धा वाद तुम्ही जिंकलात. उरलेला अर्धा माझा आहे, आणि तो मी तुम्ही गेलात म्हणून सोडणार नाही.